बर्फातला अमेरिकन फुटबॉल पुण्यात बसून कसा बघावा

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाच्या डोक्यात खेळ आणि हवामानाचं गणित ठरलेलं असतं. गहुंजेला चार थेंब पडले की कव्हरं येतात, पंच आत जातात आणि आपण षटकांचा हिशोब करत बसतो. अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, वीज कडाडली तर खेळाडूंना आत नेतात. नुसता बर्फ पडत असेल तर खेळ चालूच राहतो. मैदानावरच्या रेषा पुसल्या जातात, पाय सरकतात, समोरचा माणूस धूसर दिसतो, तरी साठ मिनिटं पूर्ण खेळली जातात. आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये चेंडू जमिनीवरून घरंगळला नाही तर खेळच उरत नाही, म्हणून पंच सामना थांबवतात. इथे चेंडू बहुतेक वेळ हातात किंवा हवेत असतो. म्हणून बर्फात खेळ बदलतो, पण बंद पडत नाही. बघायला बसायचं ते या बदलासाठी.

नियम जुजबी माहीत असले तरी चालतं. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. एक यार्ड म्हणजे साधारण ९१ सेंटिमीटर. जमलं तर नवे चार प्रयत्न मिळतात. शेवटच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये, चेंडू नेला की टचडाउन, ६ गुण. त्यानंतर किक मारून १ गुण किंवा दोन यार्डांवरून पुन्हा चेंडू आत नेऊन २ गुण. टचडाउन जमत नसेल तर खांबांमधून किक मारून ३ गुण, तो फील्ड गोल. चौथ्या प्रयत्नात धोका नको असेल तर चेंडू लांब लाथाडून समोरच्यांना देतात, तो पंट. एवढ्यावर सामना कळतो.

सामना कुठला निवडायचा

आधी छप्पर बघा. डेट्रॉइट आणि मिनियापोलिस ही दोन्ही शहरं बर्फाची, पण दोघांचीही मैदानं बंदिस्त. तिथे बाहेर कितीही बर्फ पडो, आत काही दिसणार नाही. इंडियानापोलिसचं छप्पर उघडझाप होणारं आहे आणि थंडीत ते बंदच असतं. उघडी आणि भरवशाची ठिकाणं म्हणजे बफेलो, ग्रीन बे, क्लीव्हलँड, शिकागो, पिट्सबर्ग, फॉक्सबरो, डेन्व्हर. यातलं एकच निवडायचं झालं तर बफेलो. बफेलोच्या संघाचं मैदान शहराच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्क इथे आहे, आणि त्याच्या शेजारी उभारलेल्या नव्या स्टेडियममध्येही मैदानावर आकाशच आहे.

बफेलोच का, हे कळलं की अंदाज वाचणं सोपं जातं. ईरी सरोवर नैऋत्येकडून ईशान्येकडे लांबट पसरलंय आणि बफेलो त्याच्या ईशान्य टोकाला आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सरोवराचं पाणी अजून कोमट असतं. वरून थंड कोरडा वारा सरोवराच्या लांबीच्या दिशेने वाहतो, वाटेत वाफ उचलतो आणि पैलतीरी अरुंद पट्ट्यात बर्फ ओततो. पट्टा इतका अरुंद असतो की दहा-पंधरा किलोमीटरवर ऊन असू शकतं. पावसाळ्यात ताम्हिणीत धो धो कोसळतंय आणि कोथरूडला रस्ते कोरडे, हे आपण नेहमी बघतो. कारण वेगळं असलं तरी अनुभव तोच. सरोवर उथळ आहे, त्यामुळे जानेवारीअखेरपर्यंत ते बरंचसं गोठलं की वाफ मिळेनाशी होते आणि हा प्रकार मंदावतो. नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारीचा मध्य हा आपल्या कामाचा काळ.

अंदाज कसा वाचायचा

मंगळवारी त्या आठवड्याचं वेळापत्रक घेऊन उघड्या मैदानांवर खूण करा. गुरुवारी अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या संकेतस्थळावर त्या गावाचं नाव टाका. शहराचं नाही, मैदान ज्या गावात आहे त्याचं: 'बफेलो' टाकलं तर शहराचा अंदाज येतो, तुम्हाला 'ऑर्चर्ड पार्क' हवंय. शनिवारी रात्री पुन्हा बघा आणि शेवटचं सामन्याच्या दोन तास आधी. सरोवराचा पट्टा काही तासांत सरकतो, त्यामुळे गुरुवारच्या अंदाजावर जागरण ठरवू नका.

तीन आकडे बघायचे. पहिला तापमान, फॅरनहाइटमध्ये. ३२ म्हणजे आपलं शून्य. ३० ते ३४ मध्ये पडणारा बर्फ ओला आणि जड असतो. तो चेंडूला आणि बुटाच्या खुंट्यांना चिकटतो, मैदान चिखलासारखं होतं. २५ च्या खाली बर्फ कोरडा आणि भुसभुशीत. तो उडतो, त्यावर पाऊलखुणा स्वच्छ उमटतात. दुसरा आकडा बर्फ पडण्याचा वेग. तासाला एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर, एवढ्याने रेषा लवकरच झाकल्या जातात.

तिसरा आकडा वाऱ्याचा, आणि सगळ्यात महत्त्वाचा हाच. फेकलेला चेंडू बिघडवतो तो वारा. बर्फ त्यामानाने निरुपद्रवी. ताशी १५ मैलांच्या आत वारा असेल तर बर्फातही सुंदर पास होतात. २५ मैलांच्या पुढे गेला की दोन्ही संघ चेंडू छातीशी धरून पळत राहतात. १८ ऑक्टोबर २००९ ला फॉक्सबरोत बर्फ पडत असताना तिथल्या न्यू इंग्लंड संघाने टेनेसीला ५९-० असं हरवलं आणि टॉम ब्रेडीने सहा टचडाउन पास दिले, त्यातले पाच एकट्या दुसऱ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या दुसऱ्या पाव भागात. 'बर्फात पास होत नाहीत' असं कुणी सांगितलं तर हा सामना लक्षात ठेवा. उत्तम जमलेला दिवस कुठला म्हणाल तर तापमान २५ च्या आसपास, तासाला इंचभर बर्फ आणि वारा पडलेला.

बर्फ फारच झाला तर मात्र सामना हलतो, कारण प्रेक्षकांना आणि संघांना तिथवर पोचता आलं पाहिजे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्कला सहा फुटांहून जास्त बर्फ साचला आणि बफेलो-क्लीव्हलँड सामना डेट्रॉइटच्या बंदिस्त मैदानात गेला. जानेवारी २०२४ चा बफेलो-पिट्सबर्ग बादफेरीचा सामना रविवारवरून सोमवारवर ढकलला. बर्फ उपसायला माणसं तासाला २० डॉलर देऊन बोलावली होती, तरी प्रेक्षकांना आपापली खुर्ची उकरून काढावी लागली. म्हणून रजा टाकण्याआधी सामना त्याच ठिकाणी आणि त्याच दिवशी आहे ना, ते बघून घ्या.

घड्याळ

अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर आपण त्यांच्या पूर्व किनाऱ्याच्या साडेदहा तास पुढे असतो, त्याआधी साडेनऊ. वेळापत्रकात बहुधा पूर्वेकडची वेळ छापलेली असते, सामना डेन्व्हरला असला तरी. हिवाळ्यातला हिशोब असा: रविवारी दुपारी १ चा सामना आपल्याकडे रविवारी रात्री ११.३० ला, ४.२५ चा सोमवारी पहाटे २.५५ ला, आणि रात्री ८.२० चा सोमवारी सकाळी ६.५० ला. एक सामना तीन तासांहून थोडा जास्त चालतो.

पुण्यातल्या नोकरदाराला रात्री साडेअकराचा झेपतो; पावणेतीनला झोपून सकाळी हिंजवडी गाठायचं एवढीच किंमत. पहाटे तीनचा सोडून द्या आणि नंतर रेकॉर्डिंग बघा. आपल्या सोयीचे सामने म्हणजे डिसेंबरअखेर आणि जानेवारीत शनिवारी रात्री होणारे: ते आपल्याकडे रविवारी सकाळी साडेसहा-पावणेसातच्या सुमारास सुरू होतात. बाहेर दहा-बारा अंशांची थंडी, गॅसवर आल्याचा चहा, पोहे भिजत घातलेले, आणि मध्यंतराला सगळं घर उठलेलं. पाहुणे बोलवायचे असतील तर हीच वेळ धरा.

बघायला एनएफएलची अधिकृत गेम पास सेवा डाझोन (DAZN) या ॲपवर मिळते. हंगाम सुरू होताना भारतातला दर आणि कुठले सामने मिळतात ते तपासा. नंतर रेकॉर्डिंग बघणार असाल तर फोनवरच्या सूचना आदल्या रात्रीच बंद करा, कारण निकाल सगळ्यात आधी तिथेच कळतो.

पडद्याची तयारी

हे बहुतेकजण विसरतात आणि मग चित्राला नावं ठेवतात. इंटरनेटवरून येणारं चित्र दाबून पाठवलेलं असतं: आधीच्या चौकटीत जे होतं ते तसंच ठेवायचं आणि फक्त बदललेला भाग पाठवायचा, ही त्याची युक्ती. पडत्या बर्फात प्रत्येक चौकटीत हजारो ठिपके जागा बदलतात, म्हणजे सगळंच बदललेलं. मग वेग पुरत नाही आणि चित्राचे चौकोनी ठोकळे पडतात. उपाय: वायफायऐवजी राउटरपासून टीव्हीला लॅनची वायर लावा, घरातले बाकीचे डाउनलोड थांबवा, आणि ॲपमध्ये सोय असेल तर दर्जा 'ऑटो'वर न ठेवता सर्वात वरचा ठेवा.

आता टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. 'नॉइज रिडक्शन' बंद करा, कारण टीव्हीला बर्फाचे कण म्हणजे चित्रातला कचरा वाटतो आणि तो ते पुसून टाकतो. 'मोशन स्मूदिंग'ही बंद करा, नाहीतर कणांच्या शेपट्या दिसतात. 'व्हिव्हिड'वरून 'सिनेमा' किंवा 'स्टँडर्ड'वर या आणि उजेड थोडा कमी करा. पांढऱ्या मैदानाने अंधाऱ्या खोलीत डोळे दुखतात आणि पाऊलखुणांची बारीक सावली उजेडात विरून जाते. टीव्हीच्या मागे एखादा मंद दिवा लावून ठेवला तर आणखी बरं.

नजर कुठे ठेवायची

चेंडूवर नको, पायांवर. जुलैमध्ये सिंहगडाची पायवाट उतरताना आपण काय करतो? पावलं आखूड टाकतो, वजन बरोबर पायांवर ठेवतो, टाच रुतवत नाही. बर्फात चांगला रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा खेळाडू, नेमकं हेच करतो. जो लांब टांगा टाकतो आणि एका पायावर झटक्यात वळायला जातो, तो बसतो.

दुसरी गोष्ट, कोण कुठे वळणार हे आक्रमकाला आधी ठाऊक असतं. बचाव करणारा त्याच्या हालचालीला उत्तर देतो, म्हणजे त्याला अचानक दिशा बदलावी लागते आणि बर्फात तो तिथेच घसरतो. म्हणून बर्फात गुण होणार नाहीत हा समज खोटा ठरतो. पहिली फळी ओलांडली की मागच्या बचावपटूला वळून गाठता येत नाही आणि धाव लांबते. ८ डिसेंबर २०१३ ला फिलाडेल्फियात डेट्रॉइटविरुद्ध लशॉन मॅकॉयने २१७ यार्ड धाव काढली आणि सामना ३४-२० असा सुटला. १९ जानेवारी २०२५ ला त्याच मैदानावर लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध सेक्वॉन बार्कलीने ६२ आणि ७८ यार्डांची दोन टचडाउन केली. या धावा पुन्हा दाखवतात तेव्हा धावणाऱ्याला सोडा आणि त्याच्या मागे बर्फात बसलेला बचावपटू बघा.

तिसरी गोष्ट किक. बर्फातल्या सामन्याचा खरा ताण इथे आहे, म्हणून जाहिरात लागली तरी खोलीतून उठू नका. फील्ड गोल मारायच्या आधी किकर आणि चेंडू धरणारा साथीदार बुटाने बर्फ खरवडतात. ते दोन जागा साफ करतात: एक चेंडू टेकवायची, दुसरी किकरचा उभा पाय जिथे पडणार ती. दुसरी जास्त मोलाची. उभा पाय सरकला की मारणारा पाय चेंडूखाली नीट पोचत नाही आणि किक खुजी, कमजोर निघते, मग कित्येकदा समोरच्यांच्या हातांवर आदळते. म्हणूनच २०१३ च्या त्या सामन्यात टचडाउननंतर एका गुणाची किक सोडून संघ बहुतेक वेळा दोन गुणांसाठी गेले. हे दिसलं की समजायचं, प्रशिक्षकाने पायाखालच्या जमिनीवरचा विश्वास सोडलाय.

या बाबतीत ॲडम व्हिनाटिएरीच्या दोन किक मुद्दाम शोधून बघा. १९ जानेवारी २००२, फॉक्सबरो: न्यू इंग्लंड ओकलंडच्या तीन गुण मागे, अर्धा मिनिटही उरलेलं नाही, बर्फ पडतोय, आणि त्याने ४५ यार्डांवरून बरोबरी साधली. चेंडू फार उंच उठला नाही, तरी आडव्या दांडीच्या वरून गेला. पुढे जादा वेळेत २३ यार्डांची किक मारून त्यानेच सामना १६-१३ असा जिंकून दिला. दुसरी १० डिसेंबर २०१७ ची, बफेलोत, इंडियानापोलिसकडून: दंडामुळे एका गुणाची किक ४३ यार्डांवर गेली होती, खांब जेमतेम दिसत होते, आणि ती आत गेली. तो सामना बफेलोने जादा वेळेत १३-७ असा घेतला.

पंटकडेही लक्ष द्या. कोरड्या मैदानावर टोकदार चेंडू कसाही उसळतो. खोल बर्फात तो पडतो तिथेच रुतून बसतो. त्यामुळे नेम चांगला असलेला पंटर समोरच्यांना अगदी त्यांच्या दारात कोंडतो. आकडेवारीत हे कौशल्य फारसं दिसत नाही, बघणाऱ्यालाच कळतं.

चेंडूला काय होतं, ते घरी करून बघा

एनएफएलच्या चेंडूत १२.५ ते १३.५ पीएसआय हवा भरतात आणि त्याचं वजन ३९७ ते ४२५ ग्रॅम असतं. थंडीत आतली हवा आकसते, कातडं कडक होतं. यासाठी एक सोपा प्रयोग: रग्बीचा किंवा साधा फुटबॉल घ्या, दाबमापक असलेल्या पंपाने १२ पीएसआय भरा आणि फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवा. चेंडूवर छापलेली कमाल मर्यादा याहून कमी असेल तर तेवढाच भरा. सकाळी बाहेर काढून लगेच मोजा. पुण्याच्या उंचीवर, २७ अंशांच्या खोलीतून उणे १८ मध्ये नेलेल्या चेंडूचा दाब ८ च्या आसपास उतरलेला दिसेल. दर वेळी सुई घालताना थोडी हवा निसटते, म्हणून एकदाच मोजा. मग तो चेंडू ओल्या हाताने धरून बघा. बोटांना पकड मिळत नाही आणि वरचा थर दगडासारखा लागतो. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, दोन प्रयत्नांच्या मध्ये कमरेच्या उबदार पिशवीत हात का खुपसतो आणि धावणारा गर्दीत शिरताना दोन्ही हात चेंडूवर का आवळतो, ते या एका प्रयोगाने कळतं. १५ ऑक्टोबर १९८४ ला डेन्व्हरच्या बर्फात ग्रीन बेने आपल्या पहिल्या दोन प्रयत्नांत दोनदा चेंडू सांडला. दोन्ही वेळा डेन्व्हरने तो उचलून टचडाउन केलं आणि शेवटी १७-१४ असा विजय मिळवला.

रेषा नसताना मोजमाप

दर पाच यार्डांना आडवी रेषा असते आणि ती बर्फाखाली जाते. खेळ थांबला की मैदानाचे कर्मचारी फावडी आणि हवेचे झोत घेऊन धावतात. तुम्ही एंड झोनच्या कोपऱ्यांवरचे नारिंगी ठोकळे आणि कडेला दहा यार्डांची साखळी धरून उभी असलेली माणसं बघा. पंचही त्यांच्यावरच विसंबतात. पडद्यावरची पिवळी रेषा ही संगणकाने मैदानाचा रंग ओळखून काढलेली असते. हिरव्याचं पांढरं झालं, त्यातही अर्धं हिरवं अर्धं पांढरं झालं, की ती तुटक दिसते आणि पांढऱ्या जर्सीवर चढते. तिच्यावरून वाद घालू नका.

सफाईवरून एकदा निकालच फिरला होता. १२ डिसेंबर १९८२, फॉक्सबरो, न्यू इंग्लंड विरुद्ध मायामी, ०-० अशी बरोबरी आणि पाच मिनिटांहून कमी वेळ शिल्लक. ३३ यार्डांच्या किकसाठी जॉन स्मिथ जागा शोधत असताना झाडू लावलेला छोटा ट्रॅक्टर रेषा साफ करत आला, मध्येच वळला आणि नेमकी किकची जागा झाडून गेला. किक आत गेली, सामना ३-० असा संपला. चालक मार्क हेन्डरसन तुरुंगातून कामासाठी सोडलेला कैदी होता. पुढच्या वर्षी लीगने सामना चालू असताना असं यंत्र मैदानात आणायला बंदी केली. आता किकरला जे काही साफ करायचं ते बुटाने आणि हाताने.

बर्फ आणि गोठण यांची गल्लत नको

जुने सामने शोधताना 'आइस बोल' हमखास समोर येईल: ३१ डिसेंबर १९६७, ग्रीन बे, तापमान उणे २५ सेल्सियस, ग्रीन बेने डॅलसला २१-१७ असं हरवलं. सामना थोर आहे, पण त्यात पडता बर्फ शोधू नका. त्याच वर्षी मैदानाखाली तापवणारी यंत्रणा बसवली होती. ताडपत्रीखाली ओल साचली आणि ताडपत्री काढताच ती गोठून काच झाली. बर्फात पाय निदान थोडा रुततो. काचेवर खुंट्या टेकतच नाहीत, त्यामुळे त्या दिवशीचा खेळ बघण्याची रीत वेगळी.

बर्फाचा आठवडा हुकला तर रेकॉर्डिंगपैकी १२ जानेवारी २००८ चा ग्रीन बे-सिॲटल सामना पहिला लावा. सुरुवातीला हिरवं मैदान, मग पांढरी चादर, असं सगळं एकाच सामन्यात दिसतं. रायन ग्रँट पहिल्या काही मिनिटांत दोनदा चेंडू सांडतो, संघ १४-० असा मागे पडतो, आणि तोच पुढे २०१ यार्ड धावून तीन टचडाउन करतो. ४२-२० असा निकाल लागेपर्यंत त्याच्या दोन्ही हातांकडे बघत राहा: बर्फ जसा वाढतो, तसा चेंडू अंगाशी आणखी घट्ट येत जातो.